चौदाची फाटफट

"चौदा तारखेक फाटफटी पाचापासून सकाळी अकरापर्यंत काळ्या खडपाच्या पलीकडे कोणी जावचा नाय," बाबा सोसायटीच्या ओट्यावर उभे राहून सांगत होते. "थंय जहाजांचे बार उडतले. जो जायत, तेना आदी बायलेक सांगान जावचा, चुडो फोडून ठेय म्हणान."

बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून मी टोपलीतली मासळी निवडत होते, आणि आपला बाप भरल्या गावात बोलायला उभा राहिला की लेकीला जरा जास्तच हसू येतं. त्या हसण्याला आता तीसेक वर्षं झाली. पण तेव्हा हसलेल्यांपैकी कोणी भेटलं, तर आम्ही दोघी आधी दुसरंच काहीतरी बोलतो.

फाटफट म्हणजे तांबडं फुटायच्या आधीची वेळ. आमच्या होड्या तेव्हा खडपाशी, समुद्रातल्या त्या मोठ्या खडकाशी, पोचलेल्या असायच्या, म्हणून सगळे कान देऊन ऐकत होते. बंदरातल्या वायरलेसवर इंग्रजीत काही सूचना आली की ती ऐकून यायची आणि गावाला उलगडून सांगायची, हे काम बाबांचं. बाबा म्हणजे भिकाजी जुवाटकर. बावीस वर्षं नौदलात सिग्नलमन होते. निवृत्त होऊन वाडीत आले ते एक पत्र्याची ट्रंक, चहात तीन चमचे साखर घ्यायची खोड आणि मनगटावर एक घड्याळ घेऊन. ते घड्याळ त्यांनी कधीच गावाच्या वेळेला लावलं नाही. सकाळी दहाला कोणी वेळ विचारली, तर मनगट डोळ्यांसमोर धरून म्हणायचे, "साडेचार." आणि मग उपकार केल्यासारखे, "तुमचे धा."

मालवणी माणसाला एवढं पुरे होतं. महिन्याभरात त्यांचं भिकाजी नाव पुसलं गेलं आणि 'झुलू' पडलं. माझ्या लग्नात भटजी मुहूर्ताला थांबले होते, तर मांडवातून कोणीतरी ओरडलं, "झुलूचे किती झाले ता आदी इचारा!" बाबांनी खरंच मनगट बघून सांगितलं होतं.

"पण रे झुल्या," ओट्यावरून आबा तांडेल म्हणाले. आबा सगळ्यांत जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, त्यांचे दोन्ही मुलगे एका होडीवर जायचे. "ही जहाजां आपली की दुसऱ्याची?"

"आपली, आणि दुसऱ्या चार देशांची. एकत्र कवायत आसा."

"मगे तेंचे गोळे आपापसात कसे लागणत नाय?"

हा प्रश्न म्हणजे बाबांना पंगतीत वाढलेलं पुरण. ते ओट्याच्या कडेवर बसले, घड्याळ काढून हातात घेतलं.

"तीच तर गजाल आसा. समज, एकान म्हटल्यान, साताक बार उडवा. एकाचे सात वाजले, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे बारा. कोण खंयच्या साताक उडवतलो? ज्याचे सात आदी वाजले, तो दुसऱ्याच्या टकलार गोळो घालतलो. म्हणान सगळ्या फौजांनी एकच घड्याळ धरला. विलायतेत शून्याची रेघ आसा, थंयचा. तेका म्हणतत झुलू. जहाज खंयचाय असो, विमान खंयसून उडो, हुकूम झुलूत येतलो आणि झुलूत पाळतले. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे."

"आणि तारीख?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. नवरा म्हणजे नरहरी, नरू. त्याला सासऱ्याचं भारी कौतुक. सगळं गाव झुलू म्हणायचं, हा एकटा 'मामानू'.

"वा जावयबापू! तारीखय तेंचीच. आपल्या तिथीसारखी धर. तुमी भरती-सुकती तिथीर मोजतास ना? रातचे बारा वाजले म्हणान तिथी बदलता काय? सूर्य येतलो तेव्हा दुसरो दिवस. तसाच झुलूचा. हंय आपल्याकडे साडेपाचाक उजाडता, थंय तेव्हा खंय बारा वाजतत आणि तारीख उलटता. बावीस वर्सां मी तसोच जगलंय. माझो दिवस तुमच्या बारांक बदलणाच नाय."

कोणाला कळलं, कोणाला नाही. आबा तांडेल जांभई देऊन म्हणाले, "गाढवापुढे वाचली गीता. चौदाक जावचा नाय, इतक्या समाजला."

"तेवढ्या समाजलास तरी खूप झाला," बाबा म्हणाले आणि मग हसू पुसून पुढं बोलले. "आबा, चेष्टा नाय करणंय. थंय बोंब मारून उपेग नसता. फाटफटी लाकडाची होडी तेंका दिसाची पण नाय. वेळ झालो की बार उडतलो. खाली कोण आसा ता घड्याळ इचारणा नाय."

दुसऱ्या दिवशी बाबा कुडाळला गेले. माझ्या बहिणीला मुलगा झाला होता, त्याचं बारसं होतं. मी गेले नाही, कारण मला सातवा महिना होता आणि एसटीच्या धक्क्यांचं भय होतं.

चौदा तारखेला पहाटेपासून वाडी जागी होती. एकही होडी पाण्यात नव्हती. पोरं टोकावर चढून बसली होती, बायका पोरांना हाका मारायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळत होत्या. टोक म्हणजे आमच्या किनाऱ्याचा समुद्रात घुसलेला कडा. तिथून काळा खडप आणि त्यापलीकडचा समुद्र सगळा दिसतो. पाच वाजले, सहा वाजले, उन्हं आली. समुद्र गप्प. बार नाही, जहाज नाही, साधा धूर नाही. अकरा वाजता लोक शिव्या घालत खाली उतरले.

"झुलून गावाक फुकट बसवल्यान," आबा म्हणाले. "ऐन सुरमयच्या दिसात होडये वाळूत!"

दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा ती दिसली. आधी एक, मग तीन, मग मोजायच्या नादाला मी लागले नाही. राखाडी जहाजं, खडपाच्या खूप पलीकडे, हलत नव्हती. त्यांच्यावर ना निशाण दिसत होतं ना माणूस. मी कपडे तसेच टाकून घरात आले.

"अहो," मी नरूला म्हटलं, "सकाळीच सगळा होवचा होता, तर ही जहाजां आता कित्याक इली?"

तो नव्या जाळ्याची कड सुईनं शिवत होता. त्यानं बाहेर जाऊन बघितलं, परत येऊन बसला.

"रद्द झाला असात. परत जातत असतील."

"परत जाणारी अशी उभी रवतत?"

"कुंदा, मामानूंनी चौदा म्हणान सांगल्यानी. चौदा म्हणजे चौदा. आज चौदा गेली. फाल्या पंधरा, फाल्या मोकळा." सुई दातात धरून तो हसला. "बापाशीचा तुका पटणा नाय, माका पटता. माझा बरा आसा."

"खडपाच्या मागे जाव नको."

"सुरमय खडपाच्या मागेच गावता, हंय चुलीपाशी येणा नाय."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मी त्याला भाकऱ्या बांधून दिल्या. पंधरा तारखेच्या पहाटे तीनच्या सुमाराला पाच होड्या पाण्यात लोटल्या गेल्या आणि सगळ्यांत पुढे नरूची होती. काल बसून काढलेल्या दिवसाचं उट्टं काढायचं होतं सगळ्यांना.

मी परत आडवी झाले, डोळा लागला नाही. पोटातलं पोर लाथा मारत होतं. मग दारावर थाप पडली. इतक्या पहाटे थाप म्हणजे बरी बातमी नव्हे, म्हणून मी देवाचं नाव घेत उठले. दारात बाबा उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, हातात मोठी बॅटरी. चेहरा जत्रेला निघाल्यासारखा.

"चल गो, टोकार चल! बघूक नको तुका? इतकी वर्सां नुसता सांगत होतंय, आज दाखवतंय."

"तुमी कदी इलात?"

"काल तिनसांजेक, शेवटच्या एसटीन. येताना बघलंय, होडये सगळे वाळूत ओळीन लावलेले. म्हटलंय, शाणे झाले मेले, झुल्याचा आयकूक लागले." ते माझ्या खांद्यावरून घरात बघत होते. "नरू खंय? उठव तेका."

"होडयेर गेलो."

त्यांना कळलंच नाही. ते तसेच हसत उभे होते.

"होडयेर कित्याक?"

"कित्याक म्हणजे? मासे मारूक. काल सगळे घरात बसले ना, तुमी सांगलात म्हणान. काल कायच झाला नाय. आज पंधरा."

"काल?" बाबा म्हणाले. "काल कोणी सांगलान?"

"तुमीच सांगलात! चौदाची फाटफट."

"गो, ती आजच!" त्यांनी मनगट माझ्या तोंडासमोर आणलं आणि बॅटरी त्याच्यावर मारली. पावणेअकरा वाजले होते. काट्यांच्या बाजूला त्या घड्याळाला बारकी खिडकी होती, तिच्यात तारखेचा आकडा दिसायचा. त्या खिडकीत चौदा होता. "ह्या बघ. चौदा अजून संपूक नाय!"

मी त्या आकड्याकडे बघत राहिले आणि बाबा माझ्याकडे. बोलता बोलता त्यांनाच ऐकू गेलं, आपण काय बोललो ते. त्यांनी बॅटरी समुद्राकडे वळवली.

"किती होडये?"

"सगळे. पाचय."

"खंय?"

"खडपाच्या मागे."

ते वळले आणि टोकाकडे धावत सुटले. साठी उलटलेला माणूस, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, पण मला त्यांच्या मागे पोचायला दम लागला. पोट दोन्ही हातांनी धरून मी चढत होते.

टोकावरून पाच कंदील दिसले. चार खडपाच्या अलीकडे पसरलेले, आणि एक दूर, खडपाच्या कडेवर. मी बघत असतानाच तो पाचवा कंदील खडपाच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला. तो नरूचा होता, सगळ्यांत पुढे गेलेला. क्षितिजावर जहाजांचा एकही दिवा नव्हता. काल दुपारी ती तिथं होती हे माहीत होतं म्हणून, नाहीतर कोणी म्हटलं असतं, किती शांत समुद्र आहे.

बाबा कड्याच्या टोकाला उभे राहून बॅटरीची उघडझाप करत होते. लांब, आखूड, आखूड, लांब. जहाजांसाठी, नौदलातली त्यांची ती भाषा. थांबायचे, काळोखात बघायचे, परत सुरू करायचे.

"दिसात तेंका?" मी विचारलं.

"नाय." त्यांनी हात खाली घेतला. "तेंका माझी वाट बघूची नाय गो. तेंका वेळेची वाट बघूची आसा."

तेवढ्यात आबा तांडेल वर आले. म्हातारपणी त्यांना झोप नव्हती, टोकावर बॅटरी हलताना बघून काठी टेकत आले होते. मी तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी बाबांकडे बघितलं सुद्धा नाही. नजर थेट मागे गेली, दगडांच्या वर्तुळाकडे.

त्या वर्तुळाबद्दल सांगायला हवं. आमच्या वाडीत कोणी मेलं आणि होड्या समुद्रावर असल्या, तर टोकावर जाळ करतात. त्याला म्हणतात हाकेचा जाळ. सुकी चुडतं, म्हणजे माडाच्या वाळलेल्या झावळ्या, आणि काथ्या तिथं पत्र्याखाली कायम रचलेला असतो. पेटवताना मेलेल्याचं नाव तीनदा मोठ्यानं घ्यायचं. तो जाळ ज्याला दिसेल त्यानं हातातलं टाकून किनाऱ्याला यायचं. जाळं ओढत बसायचं नाही, तोडायचं. जाळ बघून जो आला नाही, त्याच्या घरी मग कोणी खांदा द्यायला जात नाही. आणि एकच बंधन, मेल्याशिवाय तो पेटवायचा नाही. पूर्वी एका दारुड्यानं थट्टेनं पेटवला होता. आठ दिवसांत त्याची आई गेली. जाळाला नाव दिलं नाही तर तो आपलं आपण शोधून घेतो, असं आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत आहे.

"पेटवा, आबा," मी म्हटलं.

"नाव?" आबांनी विचारलं. त्यांचे दोघे मुलगे त्या चार कंदिलांपैकी एकाखाली होते. "नावाबिगर पेटवलंय तर तो खंयच्या होडयेर जायत, ता कोणी सांगूचा? तुझ्या पोटात पोर आसा चेडवा, हंय उभी रव नको."

मी खरंच दोन पावलं मागे सरले. नवरा खडपाच्या मागे होता आणि मी एका रूढीला भ्याले. तो काळोख, तो गप्प समुद्र आणि नावाची वाट बघत असलेली ती चुडतं समोर असली, की शहाणपण कुठल्या कुठे जातं.

बाबांनी आबांच्या हातात काड्यापेटी दिली.

"माझा नाव घे."

"झुल्या..."

"झुल्या नको. खरा नाव घे. चूक माझी, नाव माझा. वेळ नाय, आबा."

आबांनी काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली.

"भिकाजी गेलो!" आबा ओरडले. "भिकाजी गेलो! भिकाजी गेलो!"

जिवंत बापाचं असं नाव ऐकताना लेकीला काय होतं, ते मी सांगू शकत नाही. ते माझ्या शेजारी उभे होते, धापा टाकत होते, त्यांच्या अंगाला खोबरेल तेलाचा वास येत होता. मी त्यांचा दंड धरला तर त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

जाळ पुरुषभर उंच गेला. आम्ही तिघं बघत राहिलो. एक कंदील हलला. मग दुसरा. चारही कंदील किनाऱ्याकडे वळले आणि आबांनी समुद्राला हात जोडले.

पाचवा नव्हता.

"खडपाच्या मागसून जाळ दिसणा नाय," आबा म्हणाले. मला माहीत होतं. वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत असतं.

बाबा घड्याळ बघत होते. ते नुसतं हातात धरून बसले होते आणि ओठ हलत होते. पूर्वेकडे राखेचा रंग आला होता, खडपाची पाठ दिसायला लागली होती. मी समुद्राकडे बघायचं सोडून त्यांच्या ओठांकडेच बघत होते.

"आता," ते म्हणाले.

उजेड आधी दिसला. खडपाच्या पलीकडे आभाळ एकदम पांढरं झालं, आवाज खूप वेळानं आला, आणि आला तो पायांतून वर आला. मग पाणी उभं राहिलं. खडपाच्या मागे, माडाच्या दुप्पट उंच, पांढरंशुभ्र, आणि तसंच उभं राहिलं, खाली यायला तयारच नाही. त्याच्या बाजूला दुसरं. मग तिसरं, आणखी जवळ. मी ओरडत होते असं आबा नंतर सांगायचे. मला आठवत नाही.

बाबा हलले नाहीत. ते माझ्याकडे न बघता एकच म्हणाले, "वेळेर इले."

खडपाच्या दक्षिणेच्या अंगानं होडी बाहेर आली, तेव्हा पाचवं की सहावं पाणी उभं राहत होतं. होडीवर कंदील नव्हता, मशीन मात्र ऐकू येत होतं, फाटेस्तोवर ताणलेलं. मी ती ओळखली तिच्या नाकावरच्या लाल पट्ट्यावरून. नरूनं आम्हाला नंतर सांगितलं की मासा दक्षिणेला सरकला म्हणून तो जाळं घेऊन खडपाच्या कडेपर्यंत आला, आणि तिथून त्याला टोकावरचा जाळ दिसला. त्यानं कोयत्यानं दोर तोडला. नवं कोरं जाळं, पहिल्यांदाच पाण्यात टाकलेलं, पण हाकेचा जाळ म्हटल्यावर विचार करायचा नसतो. पहिला बार झाला तेव्हा तो दोर तोडून निघालेला होता. जाळं जिथं होतं तिथंच तिसरं पाणी उठलं.

आम्ही वाळूत उतरलो, तोवर होड्या लागत होत्या. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उड्या टाकून येत होती, भेदरलेली, मागे वळून वळून बघणारी. पण ओठावर आधी तोच प्रश्न, वाडवडिलांपासूनचा.

"कोण गेलो?"

आबा काठी टेकून उभे. डोळ्यांनी आपले दोन मुलगे मोजत होते. नरू शेवटी आला. त्याचे दोन्ही तळहात दोरानं सोलले होते.

"कोण गेलो, कुंदा?"

तेव्हा बाबा माझ्या मागून पुढे आले.

"मी," ते म्हणाले.

कोणीतरी हसलं, कारण झुलू बोलला की हसायची सवय होती. मग समुद्रावर आणखी एक बार झाला आणि ते हसू तिथंच राहिलं. बाबांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, रडलेही नाहीत. "मी चौदा सांगलंय, आणि चौदाच होती. पण ती माझी चौदा होती, तुमची नाय. तास तेवढे तुमचे करून सांगलंय, तारीख करूक इसारलंय. सगळ्यांनी एक घड्याळ धरल्यानी म्हणान भागणा नाय. आयकणारोय त्याच घड्याळार होयो. ह्या माका बावीस वर्सां सुचला नाय."

नरू पुढं झाला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेला. बाबा मागे सरकले. "मेलेल्याच्या पाया आंघोळ घातल्यार पडतत," ते म्हणाले आणि घराकडे चालायला लागले.

मला वाटलं, चार दिवसांनी निवळेल. निवळलं नाही. वाडीनं त्यांना वाळीत टाकलं असं नाही. लग्नाचं आवतण यायचं, गणपतीला पोरं यायची, आबांच्या घरून मासळी यायची. पण त्या दिवसापासून त्यांना कोणी झुलू म्हटलं नाही, आणि कोणी वेळ विचारली नाही. तेही सोसायटीच्या ओट्याकडे फिरकले नाहीत. बंदरातली सूचना ऐकायला नरू जायला लागला. तो तारीख सांगताना वारही सांगायचा, आणि 'आजची रात सरल्यार' असं जोडायचा.

घड्याळ त्यांनी ट्रंकेत टाकलं. मला मुलगा झाला, तो चालायला लागला, तेव्हा त्यानं ते काढून आजोबांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी उचलून परत ट्रंकेत ठेवलं.

"घाला की हातात," मी म्हटलं.

"मेलेल्या माणसाक वेळ कित्याक होयो?" त्यांनी हे थट्टेत म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते थट्टेत म्हणाले नाहीत.

अशी बारा वर्षं. बारा वर्षांनी एका दुपारी ते पडवीत पाणी मागून बसले आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत गेले होते. होड्या समुद्रावर होत्या. नरूही. आबा तेव्हा नव्वदीला टेकलेले, त्यांना खुर्चीत घालून आणलं.

"जाळ करूक होयो, आबा," मी म्हटलं. "नरू समुद्रार आसा."

आबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान नाहीच म्हणत होती. "एका नावाचो एकच जाळ, चेडवा. भिकाजीचो पेटान गेलो. दुसऱ्यांदा तेचा नाव घेवचा, तर जाळ कोणाक घेवन जायत?" जमलेल्या म्हाताऱ्यांनीही तशाच माना हलवल्या. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कळलंही की ते चुकत नाहीत. ज्या जाळानं माझं कुंकू राखलं त्याचा नियम मी कुठल्या तोंडानं मोडणार होते?

आमचं मसण खाडीच्या आत आहे, बांबूच्या बेटाच्या आड. तिथून समुद्र दिसत नाही, आणि समुद्रावरून ते दिसत नाही. बाबांची तयारी झाली, चौघं खांद्याला लागले, तेव्हा मी वाट अडवली.

"खाडयेत नाय. टोकार."

"टोकार कोणाक जाळणत नाय गो," खांदेकऱ्यांतला एक म्हणाला.

"जाळ करूचो नाय म्हणतास, नाय करणंय. नाव घेवचा नाय, नाय घेणंय. पण माझ्या बापाशीक खंय जाळूचा ता तरी माका सांगू दे."

आबांनी खुर्चीतूनच काठीनं टोकाची दिशा दाखवली.

माझ्या मुलानं अग्नी दिला. कोणी नाव घेतलं नाही, कोणी ओरडलं नाही. उन्हं कलली होती, वारा पडला होता, आणि चिता अशी चढली की शेजारचे माड पिवळे दिसायला लागले. मी खडपाकडे बघत उभी राहिले. बारा वर्षांपूर्वी बघितलं होतं तशीच, फक्त शेजारी आता कोणी नव्हतं.

एक होडी वळली. मग दुसरी. मग सगळ्याच.

नरू वाळूतून धावत वर आला. हातात कोयता तसाच, दोर तोडलेला. चितेपाशी येऊन थांबला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि सवयीनं विचारलं, "कोण गेलो?"

"बाबा," मी म्हटलं. "ह्या खेपेक खरेच."

त्यानं कोयता वाळूत टाकला आणि बारा वर्षं राहिलेला नमस्कार केला.